गाडी मालकाची, कुलूप कंपनीचे

मालकी हा शब्द अर्थशास्त्रात जपून वापरावा लागतो. एखादी वस्तू माझी आहे, याचा अर्थ मी तिची किंमत मोजली एवढाच होत नाही. ती मी वापरू शकतो, विकू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो आणि बिघडली तर उघडून दुरुस्त करू शकतो, निदान माझ्या पसंतीच्या कारागिराकडून दुरुस्त करवून घेऊ शकतो, असा तो हक्कांचा समुच्चय आहे. त्यातला शेवटचा हक्क काढून घेतला की जे उरते त्याला मालकी म्हणता येत नाही. ती भाडेचिठ्ठी असते. आणि तिचे भाडे मात्र विक्रीच्या किमतीच्या रूपाने आगाऊच वसूल झालेले असते.

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांच्या बाबतीत आज हेच घडत आहे. गाडी मालकाच्या दारात उभी असते, कर्जाचे हप्ते तो भरतो, विमा तो उतरवतो, अपघात झाला तर कोर्टाची पायरी तोच चढतो. पण त्या गाडीत बिघाड कोणता झाला आहे हे वाचण्याचा अधिकार मात्र कंपनीपाशी राहतो. पेट्रोल-डिझेलच्या जागी विजेची गाडी यावी, हे आपण मान्य केलेले आहे आणि करावयासही हवे. मुंबई-पुण्याची हवा ज्यांच्या फुप्फुसांत रोज जाते त्यांना ते निराळे समजावून देण्याची गरज नाही. तेव्हा वाद इंधनाविषयी नाही. इंधन बदलण्याच्या निमित्ताने ग्राहक आणि उत्पादक यांच्यातील सत्तासंबंध गुपचूप बदलला जात आहे, हा वादाचा विषय आहे. आणि या बदलाकडे डाव्या व समाजवादी चळवळीने आजवर जवळजवळ पाठच फिरवलेली आहे.

यंत्र सोपे, कुलूप अवघड

वस्तुतः विजेची गाडी ही पेट्रोलच्या गाडीपेक्षा रचनेने सोपी आहे. तिला क्लच नाही, स्पार्क प्लग नाहीत, इंजिन ऑइल नाही, सायलेन्सर नाही. बॅटरी, तिच्यावर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, विजेचे रूपांतर करणारा इन्व्हर्टर, मोटर, चार्जर आणि हे सारे थंड ठेवणारी पाण्याची नळयोजना, एवढा मुख्य संसार. बाकी टायर, ब्रेक, सस्पेन्शन, एसी या गोष्टी जुन्याच आहेत. कित्येकदा तर लाखो रुपयांची गाडी जागच्या जागी बंद पडते ती बोनेटखालची बारा व्होल्टची साधी छोटी बॅटरी उतरल्यामुळे. जी गाडी दुरुस्तीला सोपी व्हावयास हवी होती, ती मालकाच्या आणि गल्लीतल्या मेकॅनिकच्या हातून निसटली याचे कारण यंत्रशास्त्रात नाही. ते कारण सॉफ्टवेअरमध्ये आहे.

कुलूप तीन ठिकाणी घातले जाते. पहिले, बिघाडाच्या नोंदी गाडीतच साठलेल्या असतात, पण त्या वाचणारा स्कॅनर आणि त्याचे सॉफ्टवेअर कंपनी फक्त आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला देते. दुसरे, सुटा भाग बदलला तरी कंपनीच्या संगणकावरून त्याची 'ओळख' पटवून दिल्याशिवाय गाडी तो भाग स्वीकारीत नाही. पाना-पक्कड चालवून काम पुरे होते आणि परवानगीवाचून अपुरे राहते. तिसरे, बॅटरी अशा रीतीने चिकटवून बंद केलेली असते की तिच्या शेकडो सेलपैकी चार खराब झाले तरी संपूर्ण पेटीच बदला असे सांगता यावे. बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा. 'पेटी बदला' या दोन शब्दांत मध्यमवर्गीय कुटुंबाची दोन-तीन वर्षांची बचत जाते.

२०२१ साली अमेरिकेत गाजलेले एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. टेस्ला कंपनीच्या एका गाडीला रस्त्यावर पडलेल्या वस्तूचा मार बसला आणि बॅटरीला गार ठेवणाऱ्या द्रवाच्या नळीचे प्लॅस्टिकचे तोंड मोडले. कंपनीच्या बाजूने उपाय सांगण्यात आला तो संपूर्ण बॅटरी बदलण्याचा. खर्च सोळा हजार डॉलर. एका स्वतंत्र गॅरेजने ते तोंड नीट करून दिले आणि सातशे डॉलर घेतले. सोळा हजार आणि सातशे यांतील अंतर कसले आहे? ते तंत्रज्ञानाचे नाही, कौशल्याचे नाही, श्रमाचे तर नाहीच नाही. अर्थशास्त्रात अशा रकमेला खंड म्हणतात. जमीनदार कूळ कसत असलेल्या शेतावर जो खंड घेत असे, त्याच जातीचा हा खंड आहे. फरक इतकाच की येथे कुळाने जमिनीची पूर्ण किंमतही चुकती केलेली आहे.

हे कुलूप किती कृत्रिम असते ते निसर्गानेच एकदा उघडे पाडले. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून आले. टेस्लाच्या काही गाड्यांत ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवलेली होती, परंतु स्वस्तातला नमुना घेणाऱ्या मालकांसाठी तिची क्षमता सॉफ्टवेअरने बांधून ठेवली होती. वादळापासून दूर पळणाऱ्या लोकांना चार कोस अधिक जाता यावे म्हणून कंपनीने दूर बसून ते बंधन काही दिवसांपुरते सैल केले. वर्तमानपत्रांनी कंपनीच्या औदार्याचे कौतुक केले. आपण प्रश्न वेगळा विचारावयास हवा. मालकाच्या गाडीत असलेली, मालक जिचे वजन रोज वाहत होता ती क्षमता, त्याला दान म्हणून मिळावी आणि वादळ ओसरल्यावर परत काढून घेतली जावी, ही कोणत्या प्रकारची विक्री?

खिडकी का मिटली?

पेट्रोलच्या आधुनिक गाडीतही संगणक असतो, मग तिचा बिघाड बाहेरचा मेकॅनिक कसा वाचू शकतो? याचे उत्तर मनोरंजक आहे आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचेही. स्टिअरिंगखाली जी ठरावीक आकाराची जोडणी असते आणि जिला कोणताही स्कॅनर लावता येतो, ती कंपन्यांनी ग्राहकावर दया करून दिलेली नाही. धुराचे नियंत्रण करणाऱ्या कायद्याने ती त्यांच्या गळ्यात मारली. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडेही ती प्रदूषण-मानकांचा हात धरूनच आली. म्हणजे दुरुस्तीची खिडकी उघडली ती मालकाच्या हक्कासाठी नव्हे, धूर मोजण्यासाठी.

आता विजेच्या गाडीला धूरच नाही. तेव्हा धूर मोजण्यासाठी ठेवलेली खिडकीही आपोआप मिटली. कोणी कायदा रद्द केला नाही, कोणी विधेयक आणले नाही, सभागृहात मतदान झाले नाही. जनतेच्या हातातली एक गोष्ट निव्वळ तंत्र बदलल्यामुळे निघून गेली. हक्क हा हक्क म्हणून लिहून घेतला नाही, दुसऱ्या कसल्याशा नियमाच्या आश्रयाने तो नांदत राहिला, की त्याचे असे होते. कॅलिफोर्नियाच्या शासनाने हे ओळखले आणि २०२२ साली मंजूर केलेल्या नियमांत, २०२६ च्या नमुन्यांपासून विजेच्या गाड्यांनाही ठरावीक जोडणी व दुरुस्तीची माहिती सक्तीची केली. आपण मात्र अनुदान वाटण्यात मग्न आहोत.

मॅसॅच्युसेट्सचा धडा

हा लढा जेथे सर्वाधिक जिद्दीने लढला गेला ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्य. भांडवलशाहीच्या माहेरघरातला हा लढा आहे, म्हणून तो आपण बारकाईने पाहावा. २०१२ साली तेथील मतदारांनी सार्वमतात प्रचंड बहुमताने ठरविले की, मोटार कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांना दुरुस्तीची जी माहिती देतात तीच त्यांनी मालकांना व स्वतंत्र गॅरेजांनाही वाजवी दरात द्यावी. कंपन्यांनी वरकरणी मान तुकवली आणि माहितीचा ओघ तारेऐवजी बिनतारी मार्गाने थेट आपल्या संगणकांकडे वळवला. ती वाट त्या कायद्यातून वगळलेली होती. तेव्हा २०२० मध्ये मतदारांना पुन्हा मतपेटीपाशी जावे लागले. या खेपेस कंपन्यांच्या बाजूने दूरचित्रवाणीवर जाहिराती आल्या: हा कायदा झाला तर तुमच्या गाडीची माहिती गुंडांच्या हाती पडेल, एकट्यादुकट्या स्त्रीचा पाठलाग होईल. बागुलबुवा इतका भडक होता, तरी सुमारे ७५ टक्के मतदारांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला.

पुढे जे घडले ते लोकशाहीवर निष्ठा असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. मतमोजणीची शाई वाळते न वाळते तोच उत्पादकांची संघटना संघीय न्यायालयात गेली. काही कंपन्यांनी तर त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांतील बिनतारी सेवाच बंद करून टाकली. ग्राहकाला माहिती देण्यापेक्षा त्याची सोय काढून घेणे त्यांना परवडले. जून २०२३ मध्ये संघीय सरकारच्या वाहतूक-सुरक्षा यंत्रणेने कंपन्यांना कळविले की, या राज्याचा कायदा पाळू नका. ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये तिने भूमिका मवाळ केली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने उत्पादकांचा दावा फेटाळला. मतदान एका दिवसात झाले होते; त्याची दखल घ्यावयास न्यायव्यवस्थेला सव्वाचार वर्षे लागली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

कंपन्यांचा खरा युक्तिवाद काय असतो, तो २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे उघड झाला होता. ट्रॅक्टर बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीने तेथे सांगितले की, शेतकऱ्याने ट्रॅक्टर विकत घेतला तरी त्यातील सॉफ्टवेअरचा तो मालक होत नाही. ट्रॅक्टरच्या आयुष्यापुरता तो चालविण्याचा गर्भित परवाना त्याला मिळतो. लोखंड तुमचे, पण लोखंडाला हलविणारी आज्ञा आमची. त्या वर्षी कॉपीराइटच्या नियमांत दुरुस्तीसाठी अपवाद मान्य झाला हे खरे, परंतु तो अपवाद दर तीन वर्षांनी पुन्हा मागून घ्यावा लागतो. हक्क आणि भीक यांत काही अंतर असेल तर ते हेच.

आपल्याकडील कथा

'हे सारे परदेशातले, आपला त्याच्याशी संबंध काय?' असे कोणी म्हणेल. आपल्याकडची कथा तर त्याआधीची आहे. एका नागरिकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने मोटार कंपन्यांची चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात येऊ न देणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तेथेच ती नाकारावी, असाही आदेश दिला.

या निकालातील अर्थशास्त्र कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. कंपन्यांचे म्हणणे असे होते की, गाडी घेताना ग्राहक तिच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीचा हिशेब करतोच. दुरुस्ती महाग वाटली तर तो दुसरी गाडी घेईल. म्हणून गाडी आणि दुरुस्ती मिळून बाजारपेठ एकच, आणि तीत स्पर्धा भरपूर आहे. पाठ्यपुस्तकात हे चांगले दिसते. प्रत्यक्षात दहा वर्षांनंतर कोणता भाग मोडेल आणि त्याला काय पडेल, हे गाडी घेणाऱ्याला कोण सांगते? एकदा पैसे गुंतले की तो अडकला. आयोगाने कंपन्यांचा हा युक्तिवाद मान्य केला नाही. विक्रीपूर्वी ग्राहक राजा असतो आणि विक्रीनंतर कैदी होतो, हे एका सरकारी संस्थेने पुराव्यानिशी नोंदवून ठेवले, याचे मोल मोठे आहे.

पण पुढे काय झाले? अपिले, रिट अर्ज, स्थगिती. २०१६ च्या डिसेंबरात अपिलीय लवादाने तीन कंपन्यांविरुद्धचा दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला आणि दंड मात्र पुष्कळ कमी केला. बाकीचे प्रकरण न्यायालयांच्या दारोदार फिरत राहिले. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही तिची क्षेत्रे. त्या वर्षाअखेर एक पोर्टलही सुरू झाले. पोर्टलवर कंपन्या आपखुशीने माहिती देणार. मक्तेदाराने आपखुशीने मक्तेदारी सोडल्याचे एकही उदाहरण मी चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना देऊ शकलो नाही.

सुरक्षिततेची ढाल

कंपन्यांचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा. विजेच्या गाडीच्या मुख्य बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्टची, काही गाड्यांत त्याहूनही अधिक दाबाची वीज असते. ती माणूस मारू शकते. लिथियमची आग विझवणे कठीण असते. हे धोके काल्पनिक नाहीत. कोणीही स्क्रूड्रायव्हर घेऊन बॅटरीची पेटी उघडावी, असे या मागणीचे समर्थन करणारा शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु धोका आहे म्हणून अधिकार कोणाला, हा प्रश्न उरतोच. घरातल्या विजेनेही माणसे मरतात. म्हणून काय पंखा बनविणाऱ्या कंपनीनेच घराची वायरिंग करावी असा नियम आपण केला? वायरमनची परीक्षा शासन घेते, परवाना शासन देते; आणि तो परवानाधारक कोणत्याही कंपनीचा पंखा उघडू शकतो. घरोघरी स्त्रिया गॅसचा सिलिंडर रोज हाताळतात, संपला की स्वतः बदलतात. ते काम निर्धोक झाले ते बंदीमुळे नव्हे, तर रेग्युलेटर तसा बनवला म्हणून आणि चार सूचना प्रत्येक घरी पोहोचल्या म्हणून. तीच वाट येथे आहे. मुख्य प्रवाह तोडण्याचे साधन प्रत्येक गाडीत सहज हाती येईल असे असावे. कोणते काम मालकाने करावे, कोणते परवानाधारक कारागिराने करावे, याची यादी शासनाने करावी. बारा व्होल्टची बॅटरी, ब्रेक, एसीची जाळी, थंडाव्याचा पंप, सेन्सर, यांत मालकाला मज्जाव करण्याचे कोणतेही सुरक्षिततेचे कारण नाही.

दुसरे असे की, सुरक्षिततेचे पेटंट कंपन्यांकडे नाही. २०२२ साली आपल्या देशात विजेच्या स्कूटरींना ज्या आगी लागल्या, पुण्यातही लागली, त्या कोणा गल्लीतल्या मेकॅनिकने लावलेल्या नव्हत्या. सरकारी चौकशीत बॅटरीच्या रचनेतले व दर्जातले दोष पुढे आले आणि त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक करावे लागले. बंद पेटीत दोष राहिला तर तो मालकाला दिसत नाही, मेकॅनिकला दिसत नाही. आग लागल्यावरच दिसतो. आणि सर्व्हिस सेंटरच्या गणवेशातला तरुण तरी कोण असतो? तोही आयटीआयमधूनच आलेला असतो. 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शासनानेच सुरू केला आहे. एकीकडे सरकारी पैशातून कारागीर घडवायचा आणि दुसरीकडे ज्या यंत्रावर त्याने काम करायचे त्याची किल्ली खासगी कंपनीच्या खिशात ठेवायची, हे कोणते नियोजन?

'हा गाडीवाल्यांचा प्रश्न आहे'

आता आक्षेप आपल्याच घरातला. काही साथी म्हणतात, ज्या देशात लाखो माणसे एसटीच्या फाट्यावर तासन्‌तास ताटकळतात तेथे पंधरा-वीस लाखांच्या मोटारीच्या मालकाचे दुःख आपण का वाहावे? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक ही की, मोटार म्हणजे केवळ चैनीची वस्तू असे त्यात गृहीत धरले आहे. टॅक्सी चालविणाऱ्याला ती उत्पादनाचे साधन आहे. शहरोशहरी कर्ज काढून विजेची टॅक्सी घेणारा चालक एक दिवस गाडी सर्व्हिस सेंटरच्या रांगेत सोडून घरी बसतो, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा चुलाही विझतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. कामगाराला उत्पादनसाधनापासून तोडणे हा भांडवलशाहीचा जुना धंदा. येथे साधन त्याच्या नावावर ठेवूनच त्याला त्यापासून तोडले जाते. त्याच्या पाठीमागे तालुक्या-तालुक्याच्या रस्त्यांवर पत्र्याच्या शेडखाली बसलेला मेकॅनिक आहे. त्याच्यापाशी भांडवल नाही, पदवी नाही. हात आणि कान आहेत. पेट्रोलची गाडी जाईल तसतसा त्याचा धंदा जाईल आणि नवी गाडी त्याच्या हाती लागू दिली जाणार नाही. लक्षावधी स्वयंरोजगारी कारागिरांना एका पिढीत देशोधडीला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि तिची नोंद बेकारीच्या कोणत्याही तक्त्यात होणार नाही.

एसटीचे उदाहरणच घ्यायचे तर तेही बोलके आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांत कामगारांनी वर्षानुवर्षे बसगाड्या बांधल्या आणि नीट केल्या. १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर विजेची 'शिवाई' धावू लागली. पण विजेच्या गाड्या येत आहेत त्या मुख्यतः कंत्राटी पद्धतीने, म्हणजे देखभाल गाडी पुरविणाऱ्याची. आज मोटारमालकाच्या हातून जे निसटते आहे, तेच उद्या सार्वजनिक कार्यशाळेच्या हातून निसटेल. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो.

दुसरी चूक अधिक खोल आहे. 'कंपन्याच समाजाच्या मालकीच्या झाल्या की हे प्रश्न सुटतील,' असे काहींना वाटते. सुटणार नाहीत. सरकारी कंपनीही तेच कुलूप घालू शकते. सत्तेचे केंद्रीकरण हे जितके भांडवलाच्या मालकीतून होते तितकेच यंत्राच्या घडणीतूनही होते, हे डॉ. लोहिया लघुयंत्राचा आग्रह धरीत होते तेव्हाच त्यांनी ओळखले होते. गांधीजी यंत्रमात्राचे वैरी समजले जातात. पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केला होता. ते यंत्र ज्या घरात गेले त्या घराच्या ताब्यात राहिले. खेड्यातला शिंपी ते खोलतो, तेल घालतो, पुन्हा बसवतो. विजेची मोटार त्या शिवणयंत्रासारखी होऊ शकते. ती तशी होऊ न देणे हा निसर्गनियम नव्हे, निर्णय आहे. आणि निर्णय बदलता येतात.

मागणी काय असावी?

कंपन्यांना आपण धर्म शिकवू शकत नाही, पण अट घालू शकतो; कारण विजेच्या गाडीच्या धंद्यात जनतेचा पैसा ओतलेला आहे. मोटार व सुटे भाग यांच्या उत्पादकांसाठी २०२१ साली केंद्राने २५,९३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. खरेदीवरील अनुदानाच्या 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा १०,००० कोटींनी सुरू झाला. २०२४ ची 'पीएम ई-ड्राइव्ह' १०,९०० कोटींची. खासगी मोटारींना यातले अनुदान थेट मिळत नसले तरी त्यांच्यावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्केच आहे. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींवर सप्टेंबर २०२५ पासून तो १८ किंवा ४० टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर पथकरमाफी आहे. हा पैसा एसटीच्या फाट्यावर ताटकळणाऱ्याचाही आहे. त्याच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या उद्योगाकडून त्याला काय मिळावे, हे विचारणे मत्सर नव्हे, हिशेब आहे.

तेव्हा सवलत हवी असेल तर पुढील अटी मान्य करा, असे म्हणणारा कायदा हवा. एक, बिघाड वाचण्याची जोडणी सर्व गाड्यांना एकसारखी असावी आणि दुरुस्तीची पुस्तिका व सॉफ्टवेअर मालकाला आणि परवानाधारक कारागिराला अधिकृत विक्रेत्याच्याच दराने मिळावे. ही माहिती तयारच असते. आणखी एकाला दिल्याने उत्पादनखर्च वाढत नाही. टेस्लाने २०२२ मध्ये आपल्या दुरुस्ती-पुस्तिका विनामूल्य खुल्या केल्या, त्याने आभाळ कोसळले नाही. काही कामांसाठीची सॉफ्टवेअरची वर्गणी मात्र राहिली, आणि दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल तिच्यावर झालेला दावा पुढे चालविण्यास न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुभा दिली. दोन, अस्सल किंवा प्रमाणित भाग बसविल्यावर कंपनीच्या परवानगीसाठी गाडी अडून राहता कामा नये. तीन, बॅटरी भागाभागाने उघडता व बदलता यावी. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्याने हलक्या वाहनांच्या बॅटरीतला एकेक सेलसुद्धा स्वतंत्र कारागिराला बदलता आला पाहिजे असे फर्मावले आहे. मोटारींना ते का नको? चार, वॉरंटी नाकारायची तर दोष बाहेरच्या दुरुस्तीचा आहे हे कंपनीने सिद्ध करावे. २०१४ चा आदेश हेच सांगतो. त्याला कायद्याचे बळ द्या. पाच, कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले ६५-अ कलम हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला कैद सांगते. दुरुस्ती हा तसा हेतू नव्हे, हे त्यात स्वच्छ शब्दांत लिहा.

सहावी अट सर्वांत निकडीची. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील फिस्कर कंपनीचे दिवाळे निघाले. तिने बनविलेल्या विजेच्या सुमारे अकरा हजार गाड्यांच्या मालकांना एका सकाळी समजले की, आता सुटे भाग नाहीत, सॉफ्टवेअर नाही, दाद मागण्यास कोणी नाही. त्यांनी काय केले? त्यांनी आपली संघटना बांधली आणि एकमेकांच्या मदतीने गाड्या चालू ठेवण्याचा उद्योग आरंभला. कंपनी मेली तेव्हा गाड्या जगविण्यास पुढे आले ते मालकांचे सहकार्यच. आपल्याकडे नव्या कंपन्या रोज निघत आहेत. त्यांतल्या कित्येक बुडतील. म्हणून प्रत्येक उत्पादकाने आपल्या गाडीची संपूर्ण माहिती आणि सॉफ्टवेअरच्या किल्ल्या शासनाकडे अनामत ठेवाव्यात, आणि कंपनी बंद पडताच त्या सर्वांना खुल्या व्हाव्यात.

या मागण्या घेऊन पक्षाच्या शाखांनी प्रथम कोणाकडे जावे? टॅक्सीचालकांच्या संघटनांकडे, गॅरेजवाल्यांकडे, आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडे, एसटीच्या कार्यशाळांतील कामगारांकडे, ग्राहक पंचायतीकडे. हे सारे आज एकमेकांना अनोळखी आहेत. त्यांना एकत्र आणणारा प्रश्न समोर असताना आपण तो श्रीमंतांचा म्हणून सोडून देणार असू, तर उद्या ट्रॅक्टर, पंप, शिलाई यंत्र आणि कारखान्यातले यंत्र याच कुलपाने बंद झालेले पाहण्याची तयारी ठेवावी लागेल. चाकण आणि रांजणगाव येथे या गाड्या आपलेच कामगार बनवितात. ज्या हातांनी गाडी बांधली त्या हातांना, आणि ज्याने तिचे दाम मोजले त्याला, ती उघडण्याची मनाई असेल, तर त्या मनाईला कायदा म्हणायचे की दरोडा, हे आपण आत्ताच ठरविले पाहिजे.